वूव्रेची गुहा, ओली घोंगडी आणि अळूवडी

गोदाकाठची

आधीच सांगते, मी वाइनमधली जाणकार नाही. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची. शेजारच्या शिवारात करारावर वाइनची द्राक्षं लागली तेव्हा आमचे आजोबा बांधावर उभे राहून म्हणाले होते, "एवढेसे मणी, त्यात बिया, हे घेणार कोण?" सध्या नवऱ्याच्या नोकरीपायी पॅरिसजवळ राहते. गेल्या ऑक्टोबरात दोन दिवस मोकळे मिळाले आणि वूव्रे या ल्वार नदीकाठच्या वाइनच्या गावाला जाऊन आलो. फोटो वेगळ्या धाग्यात टाकते, इथे चढत नाहीयेत.

वूव्रेच का? कारण तिथे जवळपास एकच द्राक्ष, शेनिन ब्लाँ. नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली पहिल्या वाइन्स बाजारात आणल्या त्यात हीच होती, त्यामुळे नाशिककरांना नाव पाठ. माझीही पहिली वाइन तीच. म्हटलं, तिचं माहेर बघून येऊ.

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान रेल्वे) तासाभरात सँ-पिएर-दे-कोर, तिथून तूर. (हो, शहराचं नाव तूर. नवऱ्याने "आता मूग कुठे?" हा विनोद दिवसभरात चार वेळा केला.) तूरहून ल्वार नदीच्या उत्तर काठाने बसने पंचवीसेक मिनिटं.

पहिल्या ठिकाणी फजिती. ईमेलवर वेळ ठरवून गेलो तर फाटकाला कुलूप, वर चिठ्ठी: वेचणी चालू आहे. फोन कोणी उचलेना. नवरा तापला. मला मात्र रागावता येईना, आमच्याकडे तोडणीच्या दिवसांत दारात आलेल्या पाहुण्याला कोण विचारतं!

मग चालत निघालो. रस्त्याच्या एका बाजूला उभा पांढरा कडा आणि कड्यातच घरं. दार, खिडकी, पडदे, कुंड्या, आणि मागे खोली नाही, डोंगर. वरच्या बागेत द्राक्षवेलींच्या मध्येच एखादं धुराडं उगवलेलं दिसतं, ते खालच्या घराचं. या दगडाला तुफो म्हणतात. चुनखडीचा, नखाने ओरखडलं तरी पीठ पडतं. ल्वारकाठचे राजवाडे याच दगडाचे. लोकांनी घरांसाठी दगड काढला आणि मागे राहिलेल्या पोकळ्यांत वाइन ठेवली.

अशाच एका दारावर चव घेण्याची पाटी दिसली. रबरी बूट घातलेल्या साठीच्या बाई बाहेर आल्या. घरगुती वायनरी आहे, त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही. माझं फ्रेंच भाजी आणण्यापुरतं, पण "वडिलांची द्राक्षबाग आहे" एवढं वाक्य नीट जमलं. बाईंनी चव वगैरे बाजूला ठेवली आणि आधी बागेतच नेलं.

मांडव नाही, आमच्यासारखे इंग्रजी वाय आकाराचे आधार नाहीत. कमरेएवढ्या वेली, तारेवर ताठ. माती पिवळट, मध्ये चकमकीचे दगड. एका वेलीवर घड मोजले, आठ. वूव्रेच्या साध्या वाइनला हेक्टरी साधारण ५२ हेक्टोलिटरची (५,२०० लिटर) मर्यादा आहे, म्हणजे एकरी साधारण तीन टन द्राक्षं. आमच्याकडे एकरी दहा टन निघाले नाहीत तर बाबा दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत.

आणि मग तो घड. अर्धे मणी सोनेरी, काही जांभळट तपकिरी, काही सुरकुतून मनुक्यासारखे आणि वर राखेसारखी बुरशी. आमच्याकडे असा घड दिसला की आधी कात्री, मग फवारणी, मग औषध दुकानदाराला फोन. बाईंनी तो हळूच तळहातावर तोलला, एक बुरशीचा मणी तोडून मला दिला, म्हणाल्या, खा. खाल्ला. मध, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि शेवटी झणका देणारा आंबटपणा.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, गोडीबार, म्हणजे फळासाठीची, छाटणी नुकतीच उरकलेली. घड पाहून पहिला प्रश्न, "अगं, हे लोक काही मारत नाहीत का?" बाईंना विचारलं. त्या पानावरचे निळसर डाग दाखवत म्हणाल्या, "बुयी बोर्दलेझ." बाबा तिकडून ओरडले, "बोर्डो! मोरचूद-चुना!" पुढची पाच मिनिटं मला दुभाषीपण करावं लागलं नाही. दोघं एकमेकांना पानं दाखवत होते.

नंतर गुहा. आत बारा अंश, बाराही महिने. भिंतींवर टिकावाचे तिरके घाव अजून दिसतात. बाटल्या आडव्या, लेबलं नाहीत, वर खडूने फक्त साल. चार चवी घेतल्या, सगळ्या शेनिनच्या.

पहिली बुडबुड्यांची, ब्रूत. शॅम्पेनसारखी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली. पावाच्या कडेचा वास, स्वच्छ, खटकेबाज. दुसरी सेक, म्हणजे कोरडी. हिचा वास ओळखीचा होता पण आठवेना. बाई म्हणाल्या, ओली लोकर. बरोबर! पावसात भिजलेली घोंगडी. वाईट वाटेल असा नाही, धनगराच्या वाड्याजवळून जाताना येतो तेवढाच, मागे भाजलेलं सफरचंद. तिसरी दमी-सेक, निम्मी गोड. चौथी म्वालू, त्या सुरकुतलेल्या मण्यांची, हळदीच्या दुधाच्या रंगाची.

यंदा कोणती किती करणार विचारलं तर बाईंनी कोपऱ्यातल्या टाक्या दाखवल्या. एकाच बागेत वेचणीचे तीन फेरे. थंड, ओलं वर्ष असेल तर बहुतेक माल बुडबुड्यांकडे आणि सेककडे. शरदात सकाळी नदीवरून धुकं आणि दुपारी ऊन असं आठवडेच्या आठवडे मिळालं तर शेवटच्या फेऱ्यात म्वालू. काही वर्षी म्वालू होतच नाही. म्हणजे दुकानात वूव्रे लिहिलेली बाटली घ्याल तर आत काय निघेल हे लेबल वाचल्याशिवाय कळायचं नाही.

आता खाण्याचं. ते खालच्या प्रतिसादांत लिहिते, हात दुखले.

---

तिखटमीठ

वा! ओल्या घोंगडीवर फुटले. खाण्याचं लवकर लिही. आणि म्वालू म्हणजे नक्की काय गं? मालवणी ऐकल्यासारखं वाटतंय.

रिकामटेकडा

वाचतोय. फोटोंशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

गोदाकाठची

@तिखटमीठ, म्वालू म्हणजे लुसलुशीत. हाडाच्या आतल्या मऊ मगजाला फ्रेंचमध्ये जे म्हणतात त्याच कुळातला शब्द.

तिथलं खाणं. बाईंनी सेकबरोबर रिएत दिलं: डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून रेषा सुटेपर्यंत मोडलेलं, थंड करून पावावर. तूपकट. सेकचा घोट घेतला की जीभ धुतल्यासारखी मोकळी होते, पुढचा घास घ्यावासा वाटतो. नवरा शाकाहारी, त्याच्यासाठी बकरीच्या दुधाचं सँत-मोर चीज. लांब कांडं, बाहेरून राखेने करडं आणि आरपार एक काडी. काडी शोभेची नाही, ओलं चीज मोडू नये म्हणून असते, आणि अस्सल असेल तर तिच्यावर उत्पादकाची ओळख कोरलेली असते. आम्ही चष्मा लावून वाचली.

रात्री तूरमध्ये सांद्र नावाचा नदीतला मासा, वर बर ब्लाँ. हा सॉस म्हणजे बारीक चिरलेला छोटा कांदा व्हिनेगर किंवा वाइनमध्ये आटवायचा आणि त्यात थंड लोण्याचे तुकडे घोटत जायचे. आंबट लोणी, आंबट वाइन. एकमेकांना खाऊन टाकतील असं वाटलं होतं, उलट दोघांचाही आंबटपणा गोडावला.

द्राक्षबागाईत_निफाड

ताई, लेख आवडला. दोन शंका. पहिली: कूज लागली की इथे आठ दिवसांत सगळा प्लॉट जातो, घड गळून पडतात. तिथे का नाही? दुसरी: आमच्या गावात तीन-चार जणांनी करारावर शेनिन लावली होती. तिची वाइन मी प्यायलोय. घोंगडी नाही की मध नाही. पेरू लागला, थोडी गोडसर, बरी लागली. द्राक्ष तेच ना?

मद्यमार्तंड

निफाडकर, मी उत्तर देऊ का?

बुरशी तीच, बोट्रायटिस सिनेरिया. सतत ओल राहिली तर मणी फुटतात, व्हिनेगरचा वास येतो, माल मातीत. फ्रान्समध्येही अशी वर्षं येतात आणि तिथलेही शेतकरी कपाळाला हात लावतात. पण मणी पिकलेला, साल शाबूत, सकाळी दमट, दुपारी कोरडं असं जुळलं तर बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, त्यातून पाणी उडतं आणि साखर, आम्ल दोन्ही आटून येतात. रसाचा काकवी होण्याकडे प्रवास म्हणा. म्हणून तर फेरे. प्रत्येक घडातले तेवढेच मणी, तेही हाताने.

दुसरं, द्राक्ष तेच, पण हवा आणि तारीख वेगळी. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. ल्वारकाठी शेनिन पिकायला ऑक्टोबर उजाडतो, रात्री गार, आम्ल टिकून राहतं. हे आम्लच वूव्रेचा कणा आहे. त्याच्यामुळे म्वालू चाळीस-पन्नास वर्षं टिकते. १९४७ सालच्या वूव्रेचं नाव लोक अजून काढतात.

पेरूचं म्हणाल तर थंड टाकीत आंबवून, ताजी असताना प्यायची वाइन अशीच फळकट लागते. ती वाईट नव्हे. वूव्रे मुळात वेगळ्या हेतूने बनते.

पेठेतला

एक बोलू? गोड वाइन ही नवशिक्यांची. जिभेला वळण लागलं की माणूस कोरड्या लाल वाइनकडे येतो. दमी-सेक वगैरे कौतुक मला तरी पटत नाही.

मद्यमार्तंड

@पेठेतला, तुमची लाल वाइन आणि कोल्हापुरी मटण एकत्र घेऊन बघा. टॅनिन (लाल वाइनमधला तुरटपणा) आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, मसाला कडवट लागतो. थोडी साखर ती आग झेलते. चिंचेच्या आंबटपणापुढे मवाळ वाइन पाणचट होते, शेनिन उभी राहते. आपल्या पदार्थांत तिखट, आंबट आणि गूळ एकत्र असतात. त्या तिघांना पुरून उरणारी पांढरी वाइन शोधायला निघालात तर दमी-सेकच्या दारातून जावंच लागेल.

आणि गोडीचं गणित लेबलवरून पूर्ण कळतही नाही. युरोपच्या नियमांत लिटरमागे ४५ ग्रॅमच्या वर साखर गेली की 'दू', म्हणजे गोड. पण तेवढ्याच साखरेच्या दोन वाइन्सपैकी जिचं आम्ल जास्त ती कमी गोड लागते. लिंबू सरबतात साखर किती जाते आठवा. वूव्रेवाले तर सेक आणि दमी-सेकच्या मधल्या वाइनला 'तांद्र' म्हणतात, म्हणजे कोवळी. हा शब्द लेबलवर क्वचित, बोलण्यात फार.

पेठेतला

लिंबू सरबताचा मुद्दा मान्य. बाकी राखून ठेवतो.

सुधाकाकू

लेख छान आहे, पण अशा धाग्यांतून दारूचं कौतुक होतं असं माझं प्रामाणिक मत. घरातली एक व्यक्ती यापायी गेलेली पाहिली आहे.

गोदाकाठची

काकू, तुमचं म्हणणं डोक्यावर. तिथे चव घेताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि बाई स्वतः थुंकत होत्या. मीही निम्मी थुंकले. ज्यांना नको त्यांनी फक्त दगड, गुहा आणि चीज वाचावं.

मद्यमार्तंड

वूव्रेचा विषय निघालाय तर तिथल्या गास्ताँ ह्युएत या वाइनकाराचं नाव यायलाच हवं. १९२८ साली त्याने आणि वडिलांनी घेतलेली वायनरी, तिच्या तीन बागा आजही वेगवेगळ्या बाटल्यांत येतात: ल ओ-लिय्यो, ल माँ आणि क्लो द्यु बूर. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस पाच वर्षं जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होता. परत येऊन १९४७ ते १९८९ गावचा महापौर. त्याच काळात टीजीव्हीचा मार्ग नेमका वूव्रेच्या बागांतून आखला गेला. त्याने लढा उभारला आणि शेवटी रेल्वे बागांखालून बोगद्यातून गेली. बोगदा दीडेक किलोमीटरचा आहे.

गोदाकाठची

थांबा थांबा! सँ-पिएर-दे-कोर यायच्या जरा आधी गाडी बोगद्यात शिरली होती. बाहेर पडल्यावर लगेच ल्वारचा पूल. मी तेव्हा डबा उघडत होते. म्हणजे आम्ही त्या वेलींच्या मुळांखालून गेलो?

मद्यमार्तंड

तोच.

वेंगुर्लेकर

मी मासे आणि वाइनवर माझे दोन आणे. बहिणीने पॅरिसहून वूव्रे सेक आणली होती. सुरमईचा तवा फ्राय, रव्यात घोळवलेली, फार तिखट नाही: झकास. तीच वाइन तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर: अजिबात नाही. तिरफळाने जीभ बधिर होते आणि पुढे वाइन येऊन काय करणार? तिथे सोलकढीला पर्याय नाही.

गोदाकाठची

सहा बाटल्या आणल्या होत्या, दोन महिने घरी प्रयोग केले. निकाल:

कोथिंबीरवडी आणि साबुदाणा वडा ब्रूतबरोबर. तळणीचं तेल बुडबुडे कापतात. फक्त शेंगदाण्याची चटणी गोड दह्यातली हवी, ठेच्याने घात होतो.

पांढरा रस्सा दमी-सेकबरोबर. नारळाचं दूध, काजू-खसखस, मिरी. मला वाटलं होतं दोन्ही मवाळ, एकमेकांत हरवतील. पण वाइनचं आम्ल नारळाची साय कापत गेलं. तांबड्याबरोबर मात्र वाइन हरली, आम्ही ताक घेतलं. मिसळीचा विचारसुद्धा करू नका.

पुरणपोळीवर म्वालू घेतली आणि तोंडावर आपटले. पोळी वाइनपेक्षा गोड, त्यामुळे शंभर वर्षं जगू शकणारी वाइन लिंबूपाण्यासारखी आंबट लागली. नवरा म्हणाला, "एवढ्या पैशांत किती तूप आलं असतं." उरलेली दुसऱ्या दिवशी निळ्या चीजबरोबर प्यायलो तेव्हा कुठे जिवात जीव आला. पुन्हा करायचंच तर कमी साखरेचं, फळाचं काही घ्या. तूरजवळच्या रिव्हारेन गावात पेअर भट्टीत वाळवून, ठोकून चपट्या करतात आणि वाइनमध्ये भिजवून देतात, त्या धर्तीचं.

आणि सगळ्यांत वरचढ, अळूवडी. दमी-सेक, गार पण बर्फगार नाही. चिंच-गुळाचं बेसन, पानाची किंचित खाज मारणारा आंबटपणा, वरून खोबरं-तीळ. वाइनमधल्या साखरेला गूळ भेटतो, आम्लाला चिंच, आणि त्या घोंगडीच्या वासाला अळूच्या पानाचा रानवट वास. पहिल्या घासाला आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या बाईंना हे कसं समजावू हा प्रश्न पडला, शेवटी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "पान खाण्याचं आहे का?"

तिखटमीठ

शेवटच्या ओळीला +१००. वाचनखूण साठवली.

प्रवासी_पक्षी

मायदेशी आणणाऱ्यांसाठी: माणशी दोन लिटरपर्यंत मद्य कस्टम ड्युटीशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बिनधास्त. बॅगेत टाकताना स्वेटरात गुंडाळा आणि वर प्लॅस्टिकची जाड पिशवी बांधा. माझी एक बाटली चेक-इन बॅगेत फुटली, आईसाठी घेतलेल्या पांढऱ्या शालीचा रंग कायमचा बदलला. विमान कंपनीचं उत्तर दीड महिन्याने आलं, की नाजूक वस्तूंची जबाबदारी आमची नाही.

द्राक्षबागाईत_निफाड

ताई, वडिलांना चव दाखवली की नाही?

गोदाकाठची

दाखवली, जानेवारीत घरी गेले तेव्हा. बाबा कधी घेत नाहीत. चमचाभर म्वालू स्टीलच्या वाटीत घेतली, आधी हुंगली, मग जिभेवर ठेवली. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आंबटगोड बरोबर साधलंय. पण एकरी तीन टनांत त्यांचं भागतं कसं, ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. बाईंना मेसेज केलाय. वेली छाटायचे दिवस आहेत, उत्तर यायचं आहे.

सुधाकाकू

मला एवढंच सांग, पॅरिसमध्ये अळू कुठे मिळालं?

गोदाकाठची

काकू, गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेलला श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, तिथे. पानं जरा जून असतात, शिरा लाटण्याने ठेचून घ्या. चिंच नेहमीपेक्षा चमचाभर जास्त.